वंशावळ पणजोबांपाशी अडली असेल तर काय तपासायचं

आजोबांचं नाव घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पणजोबांचं एखाद्या म्हाताऱ्या आत्याला, आणि त्यामागचं कोणालाच नाही. तहसिलात गेलं की त्या नावाचा माणूस कागदावर सापडत नाही, नाहीतर एका नावाचे चार सापडतात. बहुतेक लोक इथे थांबतात आणि "आमचे जुने कागद राहिलेच नाहीत" असं धरून चालतात. कागद खरोखर नष्ट झाल्याची उदाहरणं आहेत, पण त्याहून कितीतरी जास्त वेळा माणूस कागदावर असतो आणि आपण त्याला वेगळ्या नावाने, वेगळ्या गावात किंवा वेगळ्या सालात शोधत असतो. दुसरी चूक म्हणजे सरळ वर चढायची घाई. पणजोबा सापडत नसतील तर त्यांचे भाऊ शोधा, त्यांच्या बहिणी कुठे दिल्या ते शोधा. भावकीत चार घरं बाजूला सरकलं की वरची वाट बऱ्याचदा मोकळी होते.

कचेरीत जाण्याआधी एक ताव घ्या आणि प्रत्येक पुरुषापुढे एवढं लिहा: बापाचं नाव, बायकोचं नाव, तिचं माहेर, भाऊ-बहिणी, कुलदैवत, श्राद्धाची तिथी, आणि ही माहिती कोणी सांगितली. शेवटचा रकाना टाळू नका. पुढे दोन माहित्या एकमेकींशी भांडायला लागल्या की कोणाचं ऐकायचं ते त्याच रकान्यावरून ठरतं. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला "पणजोबांचं नाव काय" एवढंच विचारून थांबू नका. "आपण कोणाकोणाचं सुतक धरतो" हे विचारा. नावं विसरतात, सुतक विसरत नाहीत. ज्या घरांचं सुतक दहा दिवस धरलं जातं ती पुरुषाच्या बाजूने आपलीच, मग त्यांचं आडनाव आज वेगळं का असेना.

नाव जुळत नाही

घरात ज्यांना "आबा" म्हणत ते कागदावर महादू असतात, शाळेत महादेव आणि फेरफारात, म्हणजे जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदीत, म्हादबा. सुना सासऱ्याचं नाव घेत नसत, त्यामुळे आप्पा, नाना, तात्या, बापू, दादा हीच नावं पुढच्या पिढीपर्यंत पोचली. म्हणून शोधताना एका नावाची सगळी रूपं आधी लिहून काढायची: रामा, रामजी, रामू, रामचंद्र, विठू, विठोबा, विठ्ठल, ज्ञानू, ग्यानबा, ज्ञानोबा, ज्ञानदेव, गोविंद, गोंदा, सखा, सखाराम. मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावं ठेवत. अशा मुलाचं दुसरं चांगलं नाव घरात असू शकतं आणि दोन कागदांवर दोन नावं दिसू शकतात.

जुन्या कागदांवर आडनाव शोधत बसू नका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नोंदीत बहुधा नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं. "राणू बिन गणू" म्हणजे गणूचा मुलगा राणू. "वलद"चा अर्थही तोच. बाईच्या नावापुढे "कोम", "मर्द" किंवा "भ्रतार" असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. ही अक्षरं न कळल्यामुळे "कोम" हेच आडनाव समजून टाकल्याची वंशावळ दिसते, आणि नवऱ्याला बाप ठरवल्याची तर फारच वेळा. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मुलगा लहान होता आणि हा त्याचा सांभाळ करणारा. पालनकर्ता आई असेल तर बाप तोवर वारलेला होता, हे फुकट मिळालेलं साल समजा.

पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, चौगुले ही कामावरून लागलेली नावं. त्यांच्यामागे मूळ आडनाव वेगळं असतं आणि भावकीतल्या वतन नसलेल्या घरांनी तेच चालू ठेवलेलं असतं. "-कर" लागलेल्या आडनावाचं तर उलटंच. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लागत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर तिथले लोक त्याला त्या नावाने ओळखतात. म्हणजे वडगावकर मूळ वडगावात शोधले तर वडगावकर नावाचं घरच सापडणार नाही. तिथे त्यांचं आधीचं आडनाव, जात आणि कुलदैवत घेऊन जायला हवं. वडगाव, पिंपळगाव, खेड ही नावं जागोजागी असल्याने तालुका ठरल्याशिवाय आणि खुर्द की बुद्रुक ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एका नावाची दोन माणसं

सगळ्यात जास्त वंशावळी इथे बिघडतात, आणि बिघडल्याचं कळतही नाही.

नातवाला वारलेल्या आजोबाचं नाव ठेवायची आपली रीत. त्यामुळे घरात गणू, त्याचा राणू, त्याचा गणू, त्याचा राणू अशी दोनच नावं आलटून पालटून चालतात. "गणू बिन राणू" हे नाव १८९० च्या सुमारास दिसतं आणि पुन्हा १९४५ च्या सुमारास दिसतं. दोन्ही माणसं वेगळी, मधे एक पिढी गेलेली. पण घरातल्या आठवणीत दोन्ही गणू मिसळून एक झालेले असतात, आणि वंशावळीतून दोन पिढ्या अलगद गळून पडतात.

ओळखायचं कसं? वंशावळीतल्या प्रत्येक बाप-लेकाच्या जन्मसालांतलं अंतर मांडा. पंचवीस ते पस्तीस वर्षं नेहमीचं. साठ-सत्तर वर्षांचं अंतर दिसलं तर मधे एक पिढी हरवली असं धरून शोध सुरू करा. पंधराच्या आत आलं तर दोन भावांना बाप-लेक केलंय. एखादा माणूस वारस नोंदीत मयत झाल्यावर पुढे वीस वर्षांनी खरेदीखत करताना दिसला, तर तो दुसरा गणू.

दोघांना वेगळं करायची खात्रीची खूण म्हणजे बायको. नवऱ्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात, बायकांची तेवढी येत नाहीत. म्हणून नुसतं "गणू राणू" असं कधीच लिहू नका. "गणू राणू, बायको भागू, १९१८ मध्ये मयत" आणि "गणू राणू, बायको सीता, १९५६ नंतर मयत" असं लिहा. एवढी एक सवय लावली तरी निम्मा गोंधळ जातो.

हाच प्रकार आडवाही होतो. आजोबा गणू वारले की त्यांच्या तिन्ही मुलांच्या घरी पहिला मुलगा गणूच. वाड्यात एका वयाचे तीन गणू, बापाच्या नावाने वेगळे. पुढे शाळेत किंवा गिरणीत नुसतं नाव आणि आडनाव लिहिलं गेलं की तिघांना वेगळं करायला काही उरत नाही. अशा वेळी जमिनीचा तुकडा उपयोगी पडतो: कोणत्या गणूचा वारस कोणत्या सर्व्हे नंबरावर चढला ते पाहा. माणसाच्या मागे लागून सुटत नाही ते शेताच्या मागे लागून सुटतं.

सातबारावर पणजोबांचं नावच नाही

नाव नसल्याचं पहिलं कारण एकत्र कुटुंब. चार भावांची जमीन थोरल्याच्या एकट्याच्या नावावर असे, नावापुढे "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा "ए.कु.पु." म्हणजे पुढारी असं लिहून. तुमचे पणजोबा धाकटे असतील तर त्यांचं नाव हयातभर कुठेच येणार नाही. ते पहिल्यांदा दिसतील थोरला वारल्यावरच्या वारस फेरफारात किंवा वाटपाच्या फेरफारात. म्हणून थोरल्या भावाचं नाव आधी शोधायचं.

फेरफार मागे नेण्याची रीत अशी. आजच्या सातबारावर नावांशेजारी वर्तुळात किंवा कंसात छोटे आकडे असतात. ते फेरफार क्रमांक. त्यातला सगळ्यात जुना उतरवून घ्या आणि तहसिलाच्या अभिलेख कक्षात त्या गावच्या गाव नमुना सहाची, म्हणजे फेरफार नोंदवहीची, नक्कल मागा. वारसांची चौकशी सहा-क मध्ये असते, तीही मागा. त्या फेरफारात आधीच्या नोंदीचा उल्लेख असतो, तिथून अजून मागे जा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यानंतर गावोगावी फेरफार क्रमांक एकपासून सुरू झाले. सातबारा आजच्या रूपात येण्याआधीचं क.ड.ई. पत्रक त्या गावचं शिल्लक असेल तर ते जरूर पाहा. काही जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून उतरवता येतात. कचेरीत खेप घालण्याआधी तिथे गाव आहे का ते बघा.

इथे हमखास अडखळायला होतं ते गट क्रमांकापाशी. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी सर्व्हे नंबर मोडून गट पाडले गेले. आजचा गट नंबर घेऊन १९३० च्या वहीत शोधलं तर भलत्याच माणसाचं शेत हाती येतं, आणि लोक त्या भलत्याच माणसाला पूर्वज करून टाकतात. मधला दुवा म्हणजे एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि नवा गट समोरासमोर असतात. हा कागद हातात घेतल्याशिवाय एकत्रीकरणाच्या मागे पाऊल टाकू नये.

एक वारस फेरफार जवळून वाचून बघू. नोंद समजा अशी आहे:

"खातेदार गणू बिन राणू हे ता. ४ माहे नोव्हेंबर १९१८ रोजी मयत. वारस १. मुलगा राणू वय ९ अ.पा.क. आई भागू कोम गणू २. भाऊ तुका बिन राणू एकत्र. वर्दी तुका याची. जबाब घेतला."

चार ओळींत किती आहे पाहा. गणूच्या बापाचं नाव राणू, बायकोचं भागू, मुलाचं पुन्हा राणू. मुलगा नऊ वर्षांचा, म्हणजे जन्म १९०९ च्या आसपास. तुका नावाचा भाऊ, जो कदाचित घरातल्या कोणाला माहीतच नाही, आणि त्याचे वंशज बहुधा आजही गावात आहेत. १९१८ चा नोव्हेंबर म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचे दिवस. त्याच आठवड्यात घरातली आणखी माणसं गेली का, ते मृत्यूच्या नोंदीत पाहायला हवं. आणि "मुलगी" हा शब्द नाही, म्हणजे मुली नव्हत्या असा अर्थ बिलकूल काढू नका. १७ जून १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदीत मुलगे असताना मुलींची नावं सहसा घेतच नसत. त्या तारखेनंतरच्या वारस नोंदी मात्र सोन्यासारख्या. त्यांत लेकी सासरच्या नावासकट येतात, म्हणजे आत्यांची घरं सापडतात, आणि आत्यांच्या घरी जुन्या आठवणी माहेरपेक्षाही नीट जपलेल्या असतात.

जमीन १९५० च्या दशकात हातची गेली असेल तर कूळ कायद्याच्या नोंदी बघा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कुळं जमिनीची मालक मानली गेली. त्यानंतरच्या, त्या कायद्याच्या कलम ३२-ग खालच्या फेरफारांत मालक आणि कूळ दोघांची, आणि कोणी मयत असेल तर त्याच्या वारसांची नावं असतात. पूर्वज मालक नसून कूळ असतील तर जुन्या सातबारावर ते "इतर हक्क" या रकान्यात सापडतील. तो रकाना बहुतेक जण वाचतच नाहीत.

हे सगळं मुंबई इलाख्यातल्या गावांना लागू. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक, जुनं सेतवार, पाहणीपत्रक आणि इनामाचे मुंतखब हे शब्द घेऊन जा. निजामकाळातले बरेच कागद उर्दूत आहेत आणि वरिष्ठ दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. नागपूर भागात अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक आणि बंदोबस्त मिसल मागायची. सातारचा शब्द चंद्रपुरात वापरला तर "असं काही नसतं" हे उत्तर मिळतं, आणि ते खरंही असतं.

जमीनच नव्हती

भूमिहीन घराचा शोध सातबारापासून सुरू केला तर वर्ष वाया जातं. शाळेपासून सुरू करा. गावच्या जुन्या मराठी शाळेत जनरल रजिस्टर असतं, ज्याला दाखल-खारीज म्हणतात. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. १ जून ही जन्मतारीख दिसली की ती मास्तरांनी घातलेली समजा, कारण जूनमध्ये शाळा सुरू होते आणि वय बसवायचं असे. जन्मस्थळाचा रकाना मात्र खरा असतो, आणि तिथे वेगळं गाव दिसलं तर ते बहुधा आजोळ.

महार, रामोशी अशा वतनदार कुटुंबांची नावं १८७४ च्या वतन कायद्याखालच्या वतन रजिस्टरांत आहेत, आणि कनिष्ठ गाववतनं खालसा करणाऱ्या १९५८ च्या कायद्यानंतरच्या पुनर्प्रदानाच्या, म्हणजे जमीन त्याच कुटुंबांना पुन्हा दिल्याच्या, फेरफारांतही आहेत. सैन्यात गेलेला पूर्वज असेल आणि महायुद्धात पडला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे बऱ्याच शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. हिज्जे इंग्रज कारकुनाचे, तेव्हा गावाचं नाव पाच-सहा तऱ्हांनी लिहून बघा.

कोतवाल बुक आणि श्राद्धाची तिथी

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे सगळे ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात. ही वही तहसिलाच्या अभिलेख कक्षात असते, गावाप्रमाणे आणि सालाप्रमाणे बांधलेली.

जन्माच्या पानावर मुलाचं नाव शोधणारे हमखास निराश होतात. वर्दी जन्मल्यावर लगेच दिली जायची आणि बारसं नंतर व्हायचं, त्यामुळे नोंद "मुलगा" किंवा "मुलगी" एवढीच असते. शोधायचं बापाच्या नावाने. आणि पहिलं बाळंतपण माहेरी होत असल्याने थोरल्या मुलाचा जन्म बापाच्या गावच्या वहीत सापडत नाही. भावंडं सापडली आणि थोरला नाही सापडला, तर वही फाटली म्हणून सोडून देऊ नका. आजीचं माहेर कोणतं ते शोधा आणि त्या गावची वही मागा. हीच गोष्ट उलटी वापरता येते. थोरल्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ वेगळं असेल तर आजीचं माहेर सापडलं.

मृत्यूची नोंद शोधायला साल माहीत नसतं, ही खरी अडचण. तिच्यावर एक उपाय घराघरात आहे. आजोबा-पणजोबांचं श्राद्ध कोणत्या तिथीला घालतात ते विचारा. तिथी वर्ष सांगत नाही, पण महिना आणि पक्ष सांगते. आता वारस फेरफाराची तारीख घ्या. मृत्यू त्याच्या आधी, बहुधा दोन-तीन वर्षांच्या आत. त्या दोन-तीन वर्षांच्या जुन्या पंचांगांत ती तिथी कोणत्या इंग्रजी तारखेला येते ते काढा. तीन तारखा मिळतील. कोतवाल बुकात तीनच पानं उलटायची. नुसता पितृपक्षातला महाळ माहीत असेल तर तिथी मिळते, महिना नाही. तेव्हा बारा महिन्यांतल्या दोन्ही पक्षांची ती तिथी तपासावी लागते, तरीही साडेतीनशे दिवसांपेक्षा चोवीस दिवस बरे. सर्वपित्रीला घालत असतील तर तिथी मृत्यूची नसेलही, तेव्हा हा उपाय चालणार नाही.

मृत्यूच्या नोंदीतलं वय अंदाजाचं असतं. चाळीस, पन्नास, साठ असे गोल आकडे दिसले तर दहा वर्षं इकडे-तिकडे धरा.

गावात भावकी नाही, कुलदैवत वेगळं

कागद सापडतात, पण एका सालाच्या मागे घराचा मागमूस लागत नाही. अशा वेळी कुटुंब त्या गावचं नाहीच. याची तीन नेहमीची कारणं. पूर्वज घरजावई म्हणून आला. सासऱ्याने जमीन बक्षीसपत्राने दिलेली असते आणि फेरफारात तसं लिहिलेलं असतं. किंवा आई-बाप प्लेगात, दुष्काळात, साथीत गेले आणि पोराला मामाने वाढवलं. शाळेत पालक म्हणून मामाचं नाव, क्वचित आडनावही मामाचंच. किंवा गाव धरणाखाली गेलं. कोयना, उजनी, जायकवाडीच्या धरणग्रस्तांसाठी जिल्हा पुनर्वसन कार्यालयातलं संकलन रजिस्टर मागा. त्यात मूळ गाव, खातेदार आणि कुटुंबातली माणसं असतात.

कुलदैवताचं बोट धरून मागे जाता येतं. देशावर राहणाऱ्या घराचं कुलदैवत कोकणातलं किंवा गोव्यातलं असेल तर मूळ तिकडचं असण्याचा संभव मोठा. गोव्यातल्या मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा अशा देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या घराण्यांप्रमाणे आहेत, तिथे आडनाव आणि मूळ गाव दोन्ही मिळण्याची शक्यता असते.

जिल्ह्यांची नावं बदलल्यामुळेही चुकीच्या कचेरीत वेळ जातो. आजचा रायगड म्हणजे कुलाबा. सांगली जिल्ह्याचं आधीचं नाव दक्षिण सातारा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, औंध, फलटण, भोर, अक्कलकोट, सावंतवाडी, जव्हार ही संस्थानं होती. त्यांचं दप्तर इंग्रजी मुलखाच्या दप्तरात शोधून मिळणार नाही. कोल्हापूरचं तिथल्या पुराभिलेखागारात आहे.

मोडी आणि सन

मागे गेलं की मोडी येतेच. जाणकाराकडून वाचून घ्या, पण स्वतःही थोडं शिका, कारण नावाच्या बाबतीत वाचणाऱ्याची चूक आपल्यालाच पकडता येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहीत नाहीत, आणि प्रत्येक लेखनिकाचं वळण वेगळं. उपाय साधा आहे: त्याच पानावरचं गावाचं नाव, महिना, "बिन" हे जे शब्द तुम्हाला आधीच माहीत आहेत ते शोधा आणि त्यावरून त्या लेखनिकाची अक्षरं एका कागदावर उतरवून घ्या. मग अवघड नाव वाचा. महत्त्वाचं नाव दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्यावं, एकाचं वाचन दुसऱ्याला आधी न सांगता.

सनांची बेरीज चुकली की एक पिढी इकडची तिकडे होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९. पानिपतची लढाई पौष शुद्ध ८ शके १६८२ ची. ७८ मिळवून १७६० येतं आणि ते चूक, कारण तो जानेवारी १७६१ होता. फसली सनात ५९० मिळवायचे, वर्षाच्या पुढच्या भागाला ५९१. मात्र निजामाच्या राज्यात हे वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होई. पेशवाईच्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहितात, एकं आधी. "सलास सबैन मया व अलफ" म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार: ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२-७३.

वतनदार किंवा इनामदार घराण्यांनी पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, इनाम कमिशनचे कागद जरूर पाहावेत. १८५२ च्या कायद्याखाली इनामांची तपासणी झाली तेव्हा इनामदारांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कैफियती द्याव्या लागल्या आणि त्यांत वंशावळी जोडलेल्या आहेत. एक सावधगिरी हवी: हक्क टिकवण्यासाठी दिलेल्या वंशावळीत हक्क नसलेली फांदी गाळलेली असू शकते. छापील कुलवृत्तांतांनाही हाच नियम लावावा. ज्यांनी माहिती कळवली त्यांची शाखा भरगच्च, न कळवणाऱ्यांची "माहिती नाही".

२०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुने महसुली, शाळेचे आणि जन्म-मृत्यूचे कागद तपासले गेले आणि सापडलेल्या नोंदी गावाप्रमाणे जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. शोध कुणबी नोंदींचा होता, पण पानावर शेजारची नावंही दिसतात. तुमची जात कोणतीही असो, आपल्या गावची पानं एकदा डोळ्यांखालून घाला.

तीर्थोपाध्याय आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या उपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, आडनाव आणि मूळ गाव यांवरून लावलेल्या. तिथे आजच्या पत्त्यावरून विचारलं की नाही म्हणतात. मूळ गाव, जुना तालुका आणि जुनं आडनाव सांगावं लागतं, आणि आपले उपाध्याय कोणते ते घराणं ठरवूनच जावं. दुसऱ्याच्या वहीत आपली नोंद नसणारच. सापडलं तर नुसतं आपल्या पूर्वजाचं नाव उतरवून उठू नका. यात्रेला आलेला माणूस बरोबरच्या भावांची, चुलत्यांची, मुलांची नावं सांगून सही करत असे. पूर्ण पानाचा फोटो मागा, आणि आधीच्या-नंतरच्या पानावर त्याच गावचे लोक आहेत का तेही पाहा, कारण गावकरी मिळूनच यात्रेला निघत.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि बेळगावकडे हेळवी पिढ्यान्पिढ्या घराण्यांची वंशावळ सांगत आणि लिहून ठेवत आले आहेत. सुगीनंतर येतात, धान्य घेतात, नव्या जन्मलेल्यांची नावं चढवून जातात. आपल्या घरी येणं बंद झालं असेल तर गावात राहिलेल्या भावकीकडे चौकशी करा, तिथे अजून येत असतील. आले की वंशावळ म्हणताना पूर्ण ध्वनिमुद्रण करा आणि मधे थांबवून प्रश्न विचारू नका. त्यांची मांडणी म्हणण्याच्या ओघात असते आणि ओघ तुटला की फांदी सुटते. प्रश्न शेवटी. दत्तक कोण गेला आणि कोण आला, हे त्यांना आवर्जून विचारा. महसुली कागदात दत्तक मुलगा नुसता "मुलगा" म्हणून येतो, आणि त्याच्या जन्मदात्या घराची वाट तिथे बंद होते. नोंदवलेलं दत्तकपत्र असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्या सालाच्या नावांच्या सूचीवरून ते काढता येतं, आणि त्यात देणाऱ्या बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं.

पूर्वज बोटीने मॉरिशसला गेल्याची आठवण असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, रजिस्टरं आहेत. त्यांत प्रत्येकाचा क्रमांक, बापाचं नाव, जिल्हा आणि गाव असतं, बऱ्याच जणांचा फोटोही. इकडून शोधणाऱ्याने नावापेक्षा गावावर भर द्यावा, कारण बंदरावर नाव विचारणारा आणि सांगणारा यांची भाषा वेगळी होती, आणि "सखाराम"चं काय झालं असेल ते सांगता येत नाही. गाव आणि तालुका मात्र कसेबसे ओळखू येतात.